आकडा, अर्थ आणि इंग्रजी

पानिपतच्या संहाराची वार्ता पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांची फौज पानिपतावर बुडाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, उत्तरेच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती ते पत्र पडले. त्यात तलवारीचा उल्लेख नव्हता, रक्ताचा नव्हता, की कोणा सरदाराचे नाव नव्हते. दोन मोती गेले, सत्तावीस मोहोरांचा पत्ता नाही आणि किरकोळ नाण्यांची तर मोजदादच नाही, अशा आशयाचा तो एक हिशेब होता. वाटेत कोणी ते पत्र फोडून वाचले असते, तर एखाद्या पेढीला मोठा तोटा आला एवढेच त्याने ताडले असते. नानासाहेबांना मात्र त्या दोन मोत्यांत आपला पुत्र विश्वासराव आणि बंधू सदाशिवराव दिसले. आकडे तेच, अक्षरे तीच. परंतु एकाच्या दृष्टीने ती केवळ नोंद होती आणि दुसऱ्याच्या दृष्टीने ती माहिती होती.

नोंद आणि माहिती यांतील हे अंतर कसे ओलांडले जाते, हा प्रश्न वरवर तत्त्वचर्चेचा वाटतो. वस्तुतः तो अत्यंत व्यावहारिक प्रश्न आहे. इंग्रजीत ज्याला डाटा म्हणतात आणि मराठीत ज्याला आता 'विदा' म्हणू लागले आहेत, त्याचे ढीग आज सर्वत्र साचत आहेत. यंत्रे मोजतात, उपग्रह ते मोजमाप पाठवतात, संगणक ते साठवतात. पण मोजलेली वस्तू कोणाला तरी समजली, आणि त्या समजुतीनुसार त्याने योग्य ते केले, असे घडेपर्यंत तिला माहिती हे नाव देता येत नाही. आणि ज्या काळात मोजणारा एका देशाचा, पाठवणारा दुसऱ्या देशाचा आणि ऐकणारा तिसऱ्या देशाचा असतो, त्या काळात या प्रश्नाशी भाषेचा प्रश्न येऊन भिडतोच. जगाच्या व्यवहारात ती भाषा बहुधा इंग्रजी असते. ती कशी शिकावी, किती शिकावी आणि कशासाठी शिकावी, याचे उत्तर शोधण्यास चेन्नईच्या दक्षिणेकडील तांबरम हे उपनगर मोठे उपयोगी आहे.

तांबरम हे नाव महाराष्ट्रातील श्रोत्यांना रेल्वेच्या वेळापत्रकामुळे ठाऊक असेल. १९३१ साली मद्रास बीच ते तांबरम या मीटरमापी लोहमार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि शहराबाहेरचे हे गाव मद्रासला जोडले गेले. २०२१ साली तर तेथे स्वतंत्र महानगरपालिका झाली. स्थानकाच्या पूर्वेकडील भागात दोन संस्था आहेत आणि दोन्ही ठिकाणी, आपापल्या रीतीने, इंग्रजीचा अभ्यास चालतो. पहिली म्हणजे मद्रास ख्रिश्चन कॉलेज. १८३७ साली एका शाळेच्या रूपाने आरंभ झालेले हे विद्यालय १९३७ साली शहराच्या गजबजाटातून निघून तांबरमच्या झाडीत येऊन वसले. तेथे इंग्रजी ही साहित्याची, विचाराची, विद्वत्तेची भाषा आहे. दुसरी संस्था म्हणजे भारतीय वायुदलाचा तळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून तेथे धावपट्टी आहे, आणि १९५४ पासून वायुदलाची फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल, म्हणजे विमानविद्या शिकवणाऱ्या शिक्षकांची शाळा, तेथे आहे. तिची स्थापना १९४८ साली अंबाला येथे झाली होती. उडणे ज्यांना उत्तम येते अशांना दुसऱ्यास उडावयास कसे शिकवावे, हे या शाळेत शिकवतात. वायुदलाचे, सैन्याचे, नौदलाचे आणि तटरक्षक दलाचे वैमानिक तेथे येतात, मित्रराष्ट्रांतूनही येतात. कोणी सातारा जिल्ह्यातला असतो, कोणी पंजाबातला, कोणी केरळातला. घरची भाषा प्रत्येकाची निराळी. विमानात बसल्यावर सर्वांची भाषा मात्र एकच, आणि ती इंग्रजी.

पहिल्या संस्थेतील इंग्रजी विस्ताराची आहे, दुसऱ्या संस्थेतील इंग्रजी संकोचाची आहे. पहिलीत एका अर्थासाठी दहा शब्द ठाऊक असणे हे गुण मानतात. दुसरीत एका अर्थासाठी एकच शब्द वापरला पाहिजे असा दंडक आहे. दोहोंचीही थोरवी आपापल्या जागी आहे. परंतु आपल्या समाजात इंग्रजी शिकणे म्हटले की पहिलीचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, दुसरीचा विचार क्वचित होतो. म्हणून या दुसरीकडे थोडे अधिक लक्ष देणे योग्य ठरेल.

विमानशिक्षकाच्या कलेत एक गोष्ट फार महत्त्वाची असते. हाताने विमान चालवीत असतानाच, जे हात करीत आहेत ते तोंडाने सांगत जायचे. इंग्रजीत या बोलण्याला 'पॅटर' म्हणतात. शब्द आणि कृती यांची वेळ जुळली पाहिजे. विमान वळू लागल्यावर 'आता वळवतो' असे म्हटले, तर विद्यार्थ्याच्या मनात चुकीची गाठ पडते. विमानाची सूत्रे शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे जातात तेव्हाही ती मुकाट्याने जात नाहीत. 'सूत्रे तुझ्याकडे' असे एकाने म्हणावयाचे आणि 'सूत्रे माझ्याकडे' असे दुसऱ्याने स्पष्ट उच्चारावयाचे. दोघांनाही सूत्रे दुसऱ्याच्या हाती आहेत असे वाटले, तर विमान कोणाच्याच हाती राहत नाही. एवढ्या साध्या देवघेवीत संभाषणाचे सारे शास्त्र सामावलेले आहे.

विद्यार्थ्यापुढे असलेल्या यंत्रांपैकी उंचीमापक हे यंत्र आकडा आणि माहिती यांतील भेद फार चांगला शिकवते. नाव उंचीमापक असले तरी हे जुन्या धाटणीचे यंत्र उंची मोजीतच नाही. ते हवेचा दाब मोजते. वर जावे तसा दाब कमी होतो, आणि समुद्रसपाटीजवळ तो एक हेक्टोपास्कलने उतरला म्हणजे सुमारे २७ ते ३० फूट उंची वाढली, असा हिशेब धरून यंत्र दाबाचे रूपांतर फुटांत करते. पण हा हिशेब कोठून सुरू करावयाचा? समुद्रसपाटीच्या दाबापासून केला तर काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. धावपट्टीवरच्या दाबापासून केला तर धावपट्टीपासूनची. आणि जगभर ठरलेल्या १०१३ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबापासून केला, तर विमानवाहतुकीत जिला 'लेव्हल' म्हणतात ती मिळते. काटा एक, आकडा एक, आणि त्याचे अर्थ तीन. कोणता प्रारंभ गृहीत धरला आहे हे ठाऊक नसेल, तर तो आकडा सावकारी पत्रातील मोत्यांइतकाच मुका आहे.

तांबरमच्या किनारपट्टीवर हा केवळ पाठ्यपुस्तकातला धडा राहत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत बंगालच्या उपसागरातून वादळे येतात आणि हवेचा दाब झपाट्याने उतरतो. समजा, दाब दहा हेक्टोपास्कलने उतरला आणि वैमानिकाने सकाळचाच आकडा यंत्रावर लावून ठेवला. तर विमान प्रत्यक्षात असेल त्याहून जवळजवळ तीनशे फूट उंच असल्याचे काटा सांगेल. यंत्र बिघडलेले नाही, ते खोटेही बोलत नाही. त्याला विचारलेल्या जुन्या प्रश्नाचे ते बिनचूक उत्तर देत आहे. म्हणून जमिनीवरचा नियंत्रक दाबाचा नवा आकडा कळवतो आणि वैमानिक तो तसाच परत म्हणून दाखवतो. एका माणसाने दुसऱ्याला सांगितलेल्या त्या चार अंकांवर काट्याची सत्यता अवलंबून असते. येथे यंत्राची भाषा संपते आणि माणसाची सुरू होते.

माणसाची भाषा जेथे सुरू होते तेथे माप कोणते हा प्रश्न आधी येतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक नवे बोइंग विमान माँट्रियलहून एडमंटनकडे निघाले. त्याचे इंधनदर्शक बंद होते, म्हणून इंधन मोजपट्टीने मोजले गेले. प्रवासास २२,३०० किलो इंधन हवे होते. टाक्यांत ७,६८२ लिटर शिल्लक होते. लिटरचे वजन काढण्यासाठी १.७७ या अंकाने गुणले गेले. तो अंक खरा होता, परंतु तो पौंडांचा होता. उत्तर मात्र सर्वांनी किलो म्हणून वाचले. कॅनडात त्या सुमारास जुनी मापे जाऊन मेट्रिक मापे येत होती, आणि हे नवे विमान किलोच्या हिशेबाचे होते. परिणामी आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले आणि ४१,००० फुटांवर त्याची दोन्ही इंजिने थंडावली. वैमानिकांनी ते तरंगत गिमली येथील जुन्या विमानतळावर उतरवले आणि विमानातील ६९ जणांपैकी कोणाचाही प्राण गेला नाही, हे सुदैव. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तेथे मोजणारे आणि उडवणारे यांच्यात भाषेची अडचण नव्हती. इंग्रजी सर्वांना येत होती. आकड्याच्या मागचे एकक मात्र कोणी विचारले नाही.

याच्या उलट अवस्था सात वर्षांनी न्यूयॉर्कच्या आकाशात आली. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियान्का कंपनीचे विमान धुक्यामुळे व गर्दीमुळे बराच वेळ घिरट्या घालीत राहिले. येथे आकडा अगदी स्पष्ट होता: इंधन संपत आले होते. विमानाच्या कप्तानाने आपल्या सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगितले की आपली स्थिती आणीबाणीची आहे, असे नियंत्रकाला कळव. सहवैमानिकाने नियंत्रकाला कळवले ते एवढेच, की इंधन कमी होत आहे. 'इमर्जन्सी' हा शब्द त्याने उच्चारलाच नाही. कप्तानाने विचारले, सांगितलेस का? त्याने उत्तर दिले, सांगितले. न्यूयॉर्कच्या नियंत्रकाला त्या सायंकाळी प्रत्येकच विमानाचे इंधन कमी होताना दिसत होते. विमान लाँग आयलंडच्या टेकडीवर कोसळले आणि १५८ पैकी ७३ जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिकाला इंग्रजी येत नव्हती असे म्हणता येणार नाही. वाक्य शुद्ध होते. पण जो एक शब्द उच्चारताच समोरच्याने बाकीची विमाने बाजूला सारून वाट मोकळी केली असती, तो शब्द तेवढा आला नाही.

एकक चुकले की काय होते आणि शब्द चुकला की काय होते, ते या दोन घटनांत दिसते. या दोन्ही प्रकारच्या उणिवा एकत्र आल्या त्या आपल्याच देशात. १२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळी दिल्लीहून सौदी अरेबियाचे बोइंग विमान निघाले. त्यात आखातात कामासाठी निघालेले अनेक भारतीय होते. त्याच वेळी कझाकस्तानचे इल्युशिन विमान चिमकेंटहून दिल्लीकडे येत होते. येण्याजाण्याचा आकाशमार्ग एकच होता. नियंत्रकाने येणाऱ्या विमानाला १५,००० फुटांपर्यंत उतरण्यास आणि जाणाऱ्या विमानाला १४,००० फुटांपर्यंत चढण्यास सांगितले. दोघांमध्ये हजार फुटांचे अंतर राहावयाचे होते. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान कोठे आहे ते दिसे, किती उंच आहे ते दिसत नसे. उंची कळावयाची ती वैमानिकाच्या तोंडून.

येणाऱ्या विमानातून कळवले गेले की आपण १५,००० फुटांवर पोहोचलो. वस्तुतः ते विमान त्या उंचीवर स्थिर झाले नव्हते. ते उतरतच होते. नियंत्रकाने त्याला सावध केले की समोरून दुसरे विमान येत आहे, अंतर १४ मैल. आणि लगेच, अंतर १३ मैल, त्या विमानाची लेव्हल १४०. किती थोड्या शब्दांत किती निरनिराळे आकडे! एक चौदा मैलांचा, एक तेरा मैलांचा, आणि तिसरा, एकशे चाळीस, दुसऱ्याच विमानाच्या उंचीचा. आकाशमापनाची इंग्रजी ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याला हे आकडे आपापल्या जागी बसलेले ऐकू येतात. परंतु त्या कझाक विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम वैमानिक करीत नव्हते. ते एका रेडिओचालकाकडे होते, आणि त्या रेडिओचालकासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून काटा पाहावा लागे. सोव्हिएत परंपरेत उंची मीटरमध्ये मोजण्याची सवय होती, ते निराळेच. ज्याला भाषा ऐकू येत होती त्याच्यापुढे आकडा नव्हता, आणि ज्यांच्यापुढे आकडा होता त्यांच्यापर्यंत भाषा दुसऱ्याच्या मार्फत पोहोचत होती. आपण १५,००० फुटांवर नाही हे रेडिओचालकाच्या ध्यानी आले तेव्हा विमान १४,००० च्या जवळ गेले होते. हरियाणातील चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. सौदी विमानातील ३१२ आणि कझाक विमानातील ३७, असे ३४९ जीव गेले. आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन इतकी माणसे जगात अन्यत्र कोठेही दगावलेली नाहीत.

या अपघाताची चौकशी न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांनी केली. नेमून दिलेली उंची सोडून कझाक विमान खाली आले, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंचीसुद्धा दाखवणारे रडार कामास लागले, आणि दोन विमाने जवळ आली की वैमानिकाला आपोआप इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले. या साऱ्या सुधारणांचा रोख एकच आहे: जो आकडा पूर्वी केवळ माणसाच्या तोंडून कळत असे, तो आता दुसऱ्या वाटेनेही कळावा. पण माणसाचे तोंड त्यामुळे बंद झाले नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २००३ साली वैमानिकांच्या व नियंत्रकांच्या इंग्रजीची कसोटी ठरवली. १९४४ च्या शिकागो करारातून जन्मलेल्या या संघटनेने भाषेच्या सहा पायऱ्या मानल्या आहेत आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी निदान चौथी पायरी गाठणे आवश्यक केले आहे. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद या सहा अंगांनी परीक्षा होते.

या कसोटीत एक उदार तत्त्व आहे. वैमानिकाचा उच्चार लंडनचा असावा अशी अपेक्षा तीत नाही. मराठी माणसाच्या इंग्रजीत मराठीचा आणि तमिळ माणसाच्या इंग्रजीत तमिळचा सूर ऐकू येणारच; ऐकणाऱ्याला अर्थ कळण्यात त्याचा अडथळा होऊ नये, एवढेच मागणे आहे. किंबहुना ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांनाही आपली बोली, आपले वाक्प्रचार आणि आपली भरधाव गती विमानात बसताना बाजूला ठेवावी लागते. आकाशातील इंग्रजीत पाच या अंकाचा उच्चार 'फाइफ' असा करावयाचा, नऊचा 'नायनर' असा. कारण खरखरत्या ध्वनिवाहकावर 'फाइव्ह' आणि 'नाइन' हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. अक्षरे सांगताना अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणावयाचे. पंधरा आणि पन्नास यांचे इंग्रजी शब्द कानाला फसवतात, म्हणून लेव्हल सांगताना अंक सुटे करून एक, पाच, शून्य असे म्हणावयाचे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद माजला होता, हे अनेकांना आठवत असेल. त्या वादात कोणाचे किती बरोबर होते ते असो. संख्या ज्या शब्दांत सांगावयाची ते शब्द ऐकणाऱ्याच्या सोयीने ठरवता येतात, ही गोष्ट विमानवाहतुकीने फार पूर्वी मान्य केली आहे. जी भाषा साऱ्या जगाने वापरावयाची ती कोणा एका राष्ट्राच्या मालकीची राहत नाही. ती सर्वांनी मिळून पुन्हा घडवलेली, काहीशी अनलंकृत, परंतु भरवशाची वस्तू होते.

अशी भाषा शिकणे म्हणजे मातृभाषेपासून दूर जाणे नव्हे, याचा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, हे तरुणपणीच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोकरीस लागले. वेधशाळेचे काम म्हणजे ठरल्या वेळी यंत्रे पाहावयाची आणि आकडे लिहून ठेवावयाचे. शुद्ध नोंदीचे काम. पण त्या आकड्यांमागील शास्त्र ज्या ग्रंथांत होते, ते इंग्रजीत होते. केरूनानांनी ते ग्रंथ अभ्यासले, आणि मग ते तेथेच थांबले नाहीत. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला, जेणेकरून इंग्रजी न जाणणाऱ्या गणकालाही ग्रहांची स्थाने नव्या गणिताने काढता यावीत. पुढे या गणिताच्या आधारे पंचांगही निघू लागले. वेध घेणारा, इंग्रजी ग्रंथ वाचणारा आणि मराठीत कोष्टके रचणारा असा एकच पुरुष त्या साखळीच्या तिन्ही दुव्यांवर उभा होता. आकडा दूरच्या ग्रंथातून निघाला आणि मराठी गणकाच्या पाटीवर त्याची माहिती झाली. इंग्रजी ही या प्रवासातील वाट होती. मुक्काम मराठीत होता.

केरूनानांची ही परंपरा आठवली म्हणजे आजच्या शिक्षणातील एक उणीव अधिक जाणवते. इंग्रजीच्या अभ्यासाला आपल्याकडे प्रतिष्ठेची झालर लागली आहे. खेड्यातून आलेला बुद्धिमान मुलगा इंग्रजी बोलताना अडखळतो ते शब्द ठाऊक नसल्यामुळे क्वचित; बहुधा चुकलो तर हसे होईल या भीतीमुळे. आणि या भीतीचा सर्वांत वाईट परिणाम बोलण्यावर होत नाही, ऐकण्यावर होतो. न कळलेले कळले असे दाखवण्याची सवय लागते. शिक्षक वर्गाला विचारतात, "कळले का?" आणि वर्ग एका सुरात म्हणतो, "हो!" त्या 'हो'मधून शिक्षकाला काय कळले? काहीही नाही. चाळीस मुलांच्या चाळीस समजुती त्या एका अक्षराखाली झाकल्या गेल्या.

आकाशातील इंग्रजीत नुसता 'हो' स्वीकारला जात नाही. नियंत्रकाने उंची सांगितली की वैमानिकाने ती उंची अंकांसह परत म्हटली पाहिजे; 'ठीक आहे' म्हणून भागत नाही. परत म्हटलेले चुकीचे असेल तर नियंत्रकाने ते तत्काळ दुरुस्त केले पाहिजे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन विमाने धडकून ५८३ माणसे गेली, तेव्हा त्या शोकांतिकेत एका मोघम वाक्याचा आणि त्याला मिळालेल्या 'ओके' या उत्तराचा वाटा होता. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, एरवी 'डिपार्चर' म्हणावे, असा नियम झाला. आणि ऐकू आले नाही किंवा समजले नाही, तर 'से अगेन', म्हणजे पुन्हा सांगा, असे म्हणण्याचा प्रत्येकाला केवळ अधिकार नव्हे, तर ते त्याचे कर्तव्य आहे. हजारो तास उडालेला कप्तानही हे दोन शब्द म्हणतो आणि त्यात त्याचा मान कमी होत नाही. न समजता होकार देणे हीच तेथे लाजेची गोष्ट मानतात.

तांबरमच्या शाळेतून बाहेर पडणारा प्रत्येक शिक्षक पुढे आपल्या विद्यार्थ्यांना विमान हाती देतो. विद्यार्थ्याने मान डोलावली म्हणजे त्याला समजले, असे त्याला धरून चालता येत नाही. विद्यार्थ्याने काय समजून घेतले ते त्याच्या तोंडून आणि हातून पाहिल्याविना तो त्याला एकट्याने उडू देत नाही. आपल्या गावोगावच्या शाळांत हजारो इंग्रजीचे शिक्षक आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे विमानात बसतील. पण त्यांतील कोणी रुग्णालयात औषधाचे प्रमाण वाचील, कोणी कारखान्यात दाबाचा काटा पाहील, कोणी बंदरावर परदेशी जहाजाशी बोलेल, कोणी शेतीच्या खतावरील सूचना वाचून शेजाऱ्याला मराठीत समजावून सांगेल. या प्रत्येकाच्या हाती एक आकडा येणार आहे, आणि तो बहुधा इंग्रजीतून येणार आहे. हा आकडा कशाचा, कोणत्या मापाचा, कोठून मोजलेला, आणि तो माझ्यासाठी आहे की दुसऱ्यासाठी, एवढे चार प्रश्न तो विचारू शकला, आणि उत्तर न समजल्यास निःसंकोचपणे 'पुन्हा सांगा' म्हणू शकला, तर त्याची इंग्रजी जगाच्या व्यवहाराला पुरेल.

वर्गात हे सुरू करण्यास नवे पुस्तक लागत नाही, की यंत्र लागत नाही. 'कळले का?' या प्रश्नाऐवजी 'काय कळले ते सांग' असे शिक्षकाने म्हणावे. आणि एखाद्या मुलाने हात वर करून 'सर, पुन्हा सांगा' असे म्हटले, तर वर्गात कोणी हसणार नाही एवढे पाहावे.